वरवंट्याचा नंबर

खर्डी स्टेशनबाहेर काजलचं ऑनलाईन सेंटर आहे. सातबारा, आधार, बारावीचा निकाल, सगळं तिच्याकडे निघतं. तिनं आमची विमानाची दोन तिकिटं काढली आणि विचारलं, "दीपेश, वेब चेक-इन करू का?"

मी रुबाबात म्हणालो, "नको."

मला वाटलं, चेक-इन म्हणजे चेकिंग. (मी सातवीपर्यंत शिकलो. पास झालो की नाही, ते विचारायला मी परत शाळेत गेलो नाही.) आता चेकिंगच करायचं असेल तर समोर उभं करून करा. हे घरबसल्या, माणसाच्या पाठीमागून, वेबमधून कशाला? आपण काय चोर आहोत?

"करून ठेवू दे रे," काजल म्हणाली, "तिथं मोठी लाईन असते."

"लाईन?" मी हसलो. "तू आमाला लाईनचं सांगते?"

हा माज मला उगाच आला नव्हता. आमची वाडी भातसानगरच्या वरच्या अंगाला. धरण आमच्या उशाशी. अंगणातून पाणी दिसतं. ते पाणी मुंबईला जातं आणि आम्ही मार्चपासून टँकरच्या लाईनीत असतो. टँकरची झाली की रेशनची, रेशनची झाली की खताची, मधल्या वेळात दाखल्याची. त्यामुळे आम्ही या विषयातले डॉक्टर आहोत. अडाणी माणूस लाईनीत स्वतः उभा राहतो. आमच्या वाडीत माणूस उभा राहत नाही, हंडा उभा राहतो. हंडा नसेल तर चप्पल, चप्पल नसेल तर दगड. दगड ठेवला की तो माणूस झाला. माझी आई ठकी, तर तिनं ठेवलेला दगड म्हणजेही ठकीच. त्याला कुणी ढकलत नाही, कुणी ओलांडत नाही. एकदा तर शेजारची गुणाबाई आयच्या दगडाशी अर्धा तास भांडत होती, आणि आय तेव्हा घरी भाकऱ्या थापत होती.

आता विमानच का, ते सांगतो.

संजूदादाला जाऊन सव्वीस दिवस झाले होते. माझा मोठा भाऊ. कंपनीतून मोटारसायकलवर घरी येताना महामार्गावर कंटेनरनं उडवला. हे मी एका वाक्यात सांगतो, कारण दुसरं वाक्य मला अजून जमत नाही. तेव्हापासून आय भिंतीकडे तोंड करून बसली होती. जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की निजायची, बोलायची मात्र नाही. घरातले अर्ज, फोन, तिकिटं, सह्या, सगळं दादा बघायचा. मी त्याच्या मागे पिशवी धरून उभा असायचो. आता पिशवी धरणारा मी आणि पुढे उभा राहणाराही मीच. (असा माणूस कसा दिसतो, ते पुढे कळेलच.)

तर बुधवारी दुपारी माझी बहीण रंजिता हिचा रायपूरहून फोन आला. तिचा नवरा अनंता तिथं कारखान्यात क्रेन चालवतो. ताईला दिवस भरायच्या महिनाभर आधीच मुलगी झाली होती, आणि झाली होती रविवारी. आयला झेपेल की नाही या काळजीत तिनं तीन दिवस कळवलंच नव्हतं. मी फोन आयच्या कानाला लावला. तिनं ऐकलं, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि सव्वीस दिवसांनी भिंतीकडची मान फिरवली.

"उद्या पाचवी," आय म्हणाली. "अनंताला आय नाय. पाचवी पुजणार कोण?"

रेल्वेनं रायपूरला पोचायला अख्खा दिवस लागतो, आणि तोही जागा मिळाली तर. आय माझ्याकडे बघत होती. ती पुन्हा भिंतीकडे वळेल या भीतीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "इमानानं जाऊ!"

(माझं हे असंच आहे. तोंड आधी निघतं, मी मागून येतो.)

अनंतानं तिकिटाचे पैसे पाठवले. मी खर्डीहून परत आलो तर आय पिशवी भरत होती. लुगडं, हळदकुंकू, नारळ, विळा आणि लाल फडक्यात गुंडाळलेला वरवंटा.

"आय, वरवंटा कशाला? ताईकडं मिक्सर हाय."

"मिक्सर पुजू काय रं? कुकू कुठं लावू, बटनाला?"

सव्वीस दिवसांनी ती मला टाकून बोलली होती. अशा वेळी ती पाटा घे म्हणाली असती तरी मी तो डोक्यावर घेतला असता. सुदैवानं पाट्याचं तिथं काहीतरी बघू, असं तीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शहापूरच्या माझ्या दोस्ताच्या, हितेशच्या पिकअपमध्ये भेंडीच्या क्रेटांना टेकून आम्ही मुंबईला निघालो आणि नऊला विमानतळावर उतरलो. विमान साडेबाराचं. मी खूश होतो. साडेतीन तासांत आमच्या वाडीनं टँकरच्या दोन लाईनी संपवल्या असत्या.

दारावर बंदूकवाला जवान होता. त्यानं माझं आधारकार्ड बघितलं, मग मला बघितलं, मग पुन्हा कार्ड बघितलं. कार्डावरच्या फोटोत मला कपाळावर झुलणारे केस होते. इथं माझ्या डोक्यावर नुसते खुंट होते.

"ये तुम हो?"

"हा."

"बाल किधर गये?"

"दिये."

"किसको दिये?"

"भाई को."

"भाई को बाल कायको दिये?"

"वो गया ना," मी म्हणालो.

जवानानं आयकडे बघितलं. मग त्यानं कार्ड माझ्या हातात ठेवलं आणि बाजूला सरकला. सबंध दिवसात कुणाला माझं बोलणं पहिल्या झटक्यात कळलं असेल तर ते एवढंच.

आत गेलो आणि मला लाईन दिसली.

आता मी लाईनीचा डॉक्टर, पण हा रोग मी बघितला नव्हता. समोर दहा काउंटर. दहा खुर्च्या, दहा कॉम्प्युटर, दहा दिवे, आणि वर 'आपल्या सेवेत आनंदाने' अशी भलीमोठी पाटी. त्या दहांत आनंदानं बसलेल्या मुली दोन. बाकीच्या आठ खुर्च्या रिकाम्या. समोर दोनशे माणसं, आणि ती सरळ उभी नव्हती. दोन्ही बाजूंनी पट्ट्या बांधून त्यांना असं वळवलं होतं की माणूस काउंटरकडे निघतो आणि दाराकडे पोचतो. या लाईनीत एकच माणूस आपल्याला सात वेळा भेटतो. पहिल्यांदा तो हसतो, दुसऱ्यांदा मान हलवतो, पाचव्यांदा त्याच्याशी आपलं वैर होतं.

बाजूला काही मशीनं होती. मशीनमधून म्हणे माणसाशिवाय काम होतं. पण ते कसं होतं हे समजवायला एक बाई ठेवल्या होत्या, आणि त्यांच्यासमोरही लाईन होती.

आमच्यापुढे एक कोटवाले गृहस्थ होते. गळ्यात उशी घातलेली. मी त्यांना विचारलं, "साहेब, बाकीच्या आठ बाया जेवाया गेल्या काय?"

"नाहीतच," ते म्हणाले. "भरतच नाहीत. कमी माणसांत भागतंय ना, मग कशाला भरतील?"

"भागतंय कुठं?"

"त्यांचं भागतंय."

हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमचा रेशनवालाही अगदी असाच बोलतो. (त्यानंच विमान घेतलं की काय, अशी मला शंका आली.)

अर्ध्या तासात आम्ही फार तर दहा पावलं सरकलो. मी हसत होतो, पण आतून हसत नव्हतो. दादाला दवाखान्यात नेला तेव्हा केसपेपरच्या चार खिडक्यांपैकी एक उघडी होती. मी सोळावा होतो. माझा नंबर आला, आतल्या माणसानं विचारलं, "पेशंटचं नाव?" मी पूर्ण नाव सांगितलं, वय अठ्ठावीस सांगितलं, आणि मागून हितेशनं खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "राहू दे, दीप्या." केसपेपर निघाला तो निघालाच. नाव आणि वय आहे, पुढे सगळा कोरा. तेव्हापासून पुढच्या माणसाची पाठ जास्त वेळ दिसली की मी उघड्या खिडक्या मोजायला लागतो.

आणि आज माझ्याबरोबर आय होती. साडेदहाला ती खाली फरशीवर बसली.

"पाणी हाय काय रं कुठं? आणि बाहेर जायचं हाय मला."

बाहेर म्हणजे आत. मी उशीवाल्यांना म्हणालो, "साहेब, नंबर धरता काय आमचा?"

"सॉरी," ते म्हणाले. "नंतर लोक मला बोलतात."

ठीक आहे. मी पिशवीत हात घातला आणि लाल फडक्यात गुंडाळलेला वरवंटा काढून फरशीवर ताठ उभा केला. मागच्या टी-शर्टवाल्याला सांगितलं, "हा ठकीचा नंबर. लाईन हलली की पायानं हळूच पुढं लोटायचा. देवाचा हाय, लाथ नको."

तो माणूस मराठी नव्हता, पण मान जोरात हलवली.

पाणी पिऊन आम्ही बाहेर आलो तर आक्रीत झालेलं. उशीवाल्यांनी गळ्यातली उशी काढून वरवंट्यापुढे ठेवली होती. उशीपुढे कुणाची तरी लॅपटॉपची बॅग. त्यापुढे बूट. मग एक छत्री, एक बाळाची गाडी (बाळ आईकडे), एक खाऊचा डबा. आणि माणसं? माणसं भिंतीकडेला पाय पसरून बसली होती. गप्पा चालल्या होत्या. कुणी चकल्या काढल्या होत्या. दोनशे शिकलेली माणसं माझ्या एका वरवंट्यानं मार्गाला लावली होती. दादा असता तर त्यानं फोटो काढला असता.

"शहाणी माणसं हायेत," आय म्हणाली आणि एका बाईकडची चकली घेऊन भिंतीला टेकली. यावेळी पाठीनं.

मी छाती काढून उभा होतो. तेवढ्यात विमान कंपनीचा सुपरवायझर आला. हातात वॉकीटॉकी, डोळे वॉकीटॉकीत. त्यानं उभ्या उभ्या लाईनीवर नजर टाकली. लाईनीत उश्या होत्या, बुटं होती, छत्री होती. माणूस एकही नव्हता.

"इकडे रश नाही," तो वॉकीटॉकीत म्हणाला. "एक जण गेटवर पाठवतो."

आणि दोन मुलींपैकी एक उठवून घेऊन गेला.

मी "ओ साहेब!" करून धावलो, पण तो गेलेला. आता दहा काउंटर, दहा दिवे आणि एक मुलगी. भिंतीकडेची सगळी मंडळी माझ्याकडे बघायला लागली. मी वर पाटी वाचायला लागलो.

यावर कडी म्हणजे, गस्तीवरचा दुसरा एक जवान नेमका तेव्हाच आला. तो बॅग ओलांडून पुढे आला, उशी ओलांडून पुढे आला, आणि वरवंट्यापाशी थांबला. उभं, गोल, जड, लाल फडक्यात बांधलेलं आणि जवळ कुणी नाही.

"ये किसका है?"

टी-शर्टवाल्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, "ये ठकी है."

"कौन ठकी?"

"मालूम नहीं साब. बोला, लात मत मारना."

जवान दोन पावलं मागे सरला. शिट्टी वाजली. भिंतीकडेची माणसं चकल्यांसकट उठली. कुणीतरी दोरी आणली, कुणीतरी पट्ट्या सोडल्या, आणि सगळ्यांना मागे, आणखी मागे, पार काचेपर्यंत नेलं. मधोमध मोकळ्या फरशीवर आमचा वरवंटा एकटा उभा. इतकी जागा त्याला आमच्या घरातही कधी मिळाली नव्हती.

मग कुत्रा आला. चांगला उंच, देखणा, गळ्यात सरकारी पट्टा. तो ताठ चालत वरवंट्याजवळ गेला, वास घेतला, आणि त्याची शेपटी हलायला लागली. मग त्यानं फडकं चाटलं. (आयनं त्याच वरवंट्यानं गेली वीस वर्षं सुकट आणि लसूण वाटला आहे.) त्याच्या साहेबानं ओढला तरी तो हलेना. शेवटी साहेबालाच लाज वाटली.

कुत्र्यानं क्लीन चिट दिली, पण त्याची सही चालत नाही. आता मालक पाहिजे होता. मी पुढे व्हावं की न व्हावं, असा विचार करत होतो, तेवढ्यात आय दोरीखालून वाकून थेट आत.

"माताजी! रुको! पीछे!"

"अरं, मागं काय? माझा वरवंटा हाय! पाचवीचा हाय!"

जवानानं माझ्याकडे बघितलं. "क्या बोल रही है?"

मी भाषांतर केलं, "साब, वो पाँचवी का है."

जवानाचा चेहरा पांढरा पडला. "पाँचवी का? बाकी चार किधर हैं?"

"चार नहीं है साब. चौथी नहीं होती. सीधा पाँचवी."

"और कितने लोग हैं तुम्हारे साथ?"

"आमी दोघंच. रायपूरला पोर झाली," आय म्हणाली आणि वरवंटा उचलून पदरानं पुसला. कुत्र्याची लाळ लागली होती ना.

एक मराठी अधिकारी आले म्हणून सुटलो. त्यांनी पाचवी समजून घेतली, वरवंटा हातात धरून वजन बघितलं, आयला नमस्कारही केला. विळा निघाला तेव्हा मात्र त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "हे सगळं बॅगेत घालून सामानात द्या. आजी, तुम्ही लाईनीत जा. आणि तू," म्हणजे मी, "तू जबाब लिहून दे. स्वतःच्या हातानं."

घड्याळात अकराला दहा कमी होते. काउंटर साडेअकराला बंद होणार, हे मला आत्ता कुठे कळलं होतं. आय पिशवी घेऊन लाईनीत गेली. (तिला सगळ्यांनी पुढे जाऊ दिलं. ती जवळ आली की लोक आपोआप बाजूला होत होते.) मला एका खोलीत बसवलं. समोर कागद, पेन.

आता, मी अक्षर लिहीत नाही, कोरतो. 'मी' लिहिला. 'दीपेश' लिहिला. पुढे बापाचं नाव 'चांगो' लिहायला गेलो तर अनुस्वार कुठे द्यायचा, यावर थोडा थांबलो. वस्तूचं नाव. 'वर' लिहिला आणि 'वंटा'चा 'ट' की 'ठ', हे विचारायला बाहेर गेलो. जवान हिंदी. म्हणाला, "जो लगे लिखो." वस्तूचा उपयोग: 'वाटाप' लिहिलं, खोडलं, 'वाटन' लिहिलं. वस्तू जमिनीवर का ठेवली? इथं मला सगळी टँकरची गोष्ट लिहावी लागली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा निबंध. शाळेत असा एक लिहिला असता तर मी आठवीत गेलो असतो.

सही करून धावत काउंटरवर पोचलो. भिंतीवर अकरा चौतीस.

आय काउंटरपाशी उभी होती. तिची पिशवी गेली होती, हातात बोर्डिंग पास होता. काउंटरवरच्या मुलीच्या छातीवर 'रुपाली' अशी पट्टी.

"माझं पण द्या, मॅडम."

"चेक-इन बंद झालं दादा. सिस्टीम आता नाव घेत नाही."

"चारच मिनिटं झालीत!"

"मला माहितीये. सिस्टीमला नाही कळत."

माझं डोकं फिरलं. मी मोठ्यानं म्हणालो, "दहा खुर्च्या मांडून एकीला बसवता, ही काय तुमची रीत? प्रदर्शन हाय काय खुर्च्यांचं? माणसानं तीन-तीन तास उभं राहायचं आणि तुमी बसून राहायचं?"

रुपालीनं माझ्याकडे शांतपणे बघितलं. तिच्या ओठांना पार चिरा पडल्या होत्या.

"दादा, मी सकाळपासून एकदाही उठले नाही. प्यायला पाणी नाही की काही नाही. मी उठले तर इथं काय ठेवून जाऊ? दगड?"

मागे कुणीतरी हसलं. बहुतेक उशीवाले.

"तू नाय येत?" आयनं विचारलं.

"माझं नाय झालं, आय. तू जा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचे डोळे माझ्यावरून सरकून माझ्यामागच्या भिंतीवर गेले. ती नजर मला ओळखीची होती. आता ही खाली बसेल, पास फरशीवर ठेवेल, आणि मग हिला कुणीच उठवू शकणार नाही. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यातून काही निघालं नाही.

"आजी," रुपाली म्हणाली, "व्हीलचेअर मागवू का? माणूस थेट विमानापर्यंत नेईल."

"मी काय लुळी हाय गो? दोन हंडे घेऊन टेकडी चढते मी."

"तसं नाही आजी. व्हीलचेअरला वेगळी वाट असते. लाईन नसते."

आयची नजर भिंतीवरून खाली आली.

"लाईन नाय?"

"नाही."

"कुठंच नाय?"

"कुठंच नाही."

"मग बसते," आय म्हणाली.

मी पुष्कळ वराती बघितल्या, पण अशी नाही. आय व्हीलचेअरमध्ये ताठ बसली, पदर नीट केला, पास छातीशी धरला. माणसानं खुर्ची ढकलली. शेकडो माणसं तपासणीच्या लाईनीत वळसे घालत उभी, आणि त्यांच्या बाजूनं आमची ठकी सगळ्यांना मागे टाकत निघाली. तिनं वळून बघितलं नाही. मलाही तेच हवं होतं. सव्वीस दिवसांत ती पहिल्यांदा कुठेतरी निघाली होती. मी डोळे पुसले आणि, चला, आपलं काम झालं, आता घरी जाऊ, म्हणून दाराकडे गेलो.

दारावरचा जवान म्हणाला, "किधर?"

"घर."

"अंदर आया हुआ पैसेंजर ऐसे बाहर नहीं जाता. कंपनी का स्टाफ लाओ, वो रजिस्टर में लिखेगा, फिर जाओ."

मी परत रुपालीकडे गेलो.

"बाहेर सोडायला एक सर आहेत," ती म्हणाली. "एकच आहेत. ते आत्ता बोर्डिंग गेटवर गेलेत. तिथं माणसं कमी आहेत म्हणून."

"मग कधी येतील?"

"हे विमान गेलं की दुसरं असतं दादा." तिनं एका खांबाकडे बोट केलं. "तिथं उभे राहा."

खांबापाशी ज्यांची विमानं चुकली ते सगळे उभे होते. ओळीनं. सगळ्यात पुढे गळ्यात उशी घातलेले ते कोटवाले गृहस्थ. मी नमस्कार केला. त्यांनी तोंड फिरवलं. कुणी काही खाली ठेवलं नव्हतं. सगळे आपापल्या पायांवर उभे होते आणि माझ्या हातांकडे बघत होते. माझ्याकडे तर पिशवीही नव्हती.

साडेबाराला आयचं विमान उडालं. मी काचेतून बघितलं. कोणतं ते कळलं नाही, म्हणून तीन विमानांना हात केला. एक वाजला. दोन वाजले. ते सर एकदा लांबून दिसले. आम्ही सगळे "सर!" म्हणून ओरडलो. त्यांनी हात दाखवला आणि दुसऱ्या दारानं पळत गेले. बिचाऱ्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

सव्वातीनला माझा फोन वाजला. ताईचा नंबर. पलीकडे आय. बाळाच्या रडण्यापेक्षा तिचा आवाज मोठा.

"पोचले रं! इमानात काय नाय, एकेकाला खुर्ची आणि पट्टा. कान तेवढे दडपले. तिकडं बी मला खुर्चीतनं आणली. पोर गोरी हाय, बारीक हाय, पण हात धरला तर सोडत नाय. नाक संजूवर गेलंय. पाटा बी घावला, खालच्या मजल्यावरच्या बाईचा. तू जेवलास काय? घरी पोचलास?"

"नाय, आय."

"मग कुठं हायस?"

"इमानतळावरच हाय. लाईनीत."

"इमान तर गेलं. आता कसली लाईन?"

"बाहेर जायची."

मग आय हसायला लागली. आधी नाकातून, मग पोटातून, मग खोकल्यासारखी. तिनं ताईला सांगितलं, ताई हसली. अनंताला सांगितलं, तो हसला. पाट्यावाली बाई हसली, आणि तिला मराठी येतसुद्धा नव्हतं. मी फोन कानापासून जरा लांब धरला आणि ते हसणं ऐकत राहिलो. माझ्या घरात कुणी हसतं, हे मी विसरून गेलो होतो.

"ऐक रं," आय दम खात म्हणाली. "आज रातच्याला सटवाई येईल पोरीच्या कपाळावर लिहाया. मी जागी राहून सांगते तिला. म्हणते, बाय, तुला काय बी लिहायचं ते लिही, पण मामावर नको जाऊ देऊस."

"सांग," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि खांबाला टेकलो. मला वाटतं, सटवाईच्या खात्यातही माणसं भरत नसावीत. एवढी कपाळं आणि बाई एकटी. दादाचं लिहीत होती ते अठ्ठावीसपर्यंत आली आणि कुणीतरी हाक मारली म्हणून अर्ध्यात टाकून गेली. माझ्या वेळी तर तिला टेकायलाही फुरसत नसणार. दारातूनच हात लांबवून 'थांब जरा' एवढं लिहिलं असेल, आणि पुढचं लिहायला ती अजून आलेली नाही.